शहापूरचें खळें आणि मंगळाचें बाह्यांबर

नागपुराहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें निघालें म्हणजे वाटेंत मौद्याच्या बाजूस कन्हान नदी लागते, आणि पुढें भंडारा शहर यावयाच्या थोडें अलीकडे शहापूर हें गांव येतें. पुढें भंडारा, त्याच्याही पलीकडे वैनगंगेचें विस्तीर्ण पात्र. त्यामुळें या वाटेनें जाणाऱ्या प्रवाशाचें मन आधींच पुढें गेलेलें असतें व शहापुरास मुद्दाम असा कोणी उतरत नाहीं. जवळच जवाहरनगर येथें दारूगोळ्याचीं द्रव्यें तयार करणारा सरकारी कारखाना आहे. तेथें कामास जाणारीं माणसें व आसपासचे धानाचे शेतकरी यांचीच येथें ये-जा अधिक. परंतु ज्या गांवीं आपलें घर आहे त्या गांवाविषयीं लिहावयास लेणीं किंवा किल्ला असावा लागत नाहीं. मला तेथील एका खळ्यावर जें शिकावयास मिळालें तें वाचकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

शके १९४४ च्या मार्गशीर्षांत, दत्तजयंतीस, मी माझ्या वडील वहिनींकडे शहापुरास गेलों होतों. इंग्रजी तारीख ७ डिसेंबर २०२२ होती. धानाची कापणी होऊन गेली होती. बांध्यांतून धानाचीं खुंटें उभीं होतीं व त्यांच्यामधून लाखोळी हिरवी होऊन वर येत होती; धुऱ्यांवर तूर उभी होती. पुष्कळसें धान हल्लीं यंत्रानेंच मळलें जातें. परंतु घरच्यापुरतें जें थोडें चिन्नोर लावलेलें असतें, तें माझा पुतण्या अजून खळ्यावर मळतो व वाऱ्यावर उपणतो. तिसऱ्या प्रहरीं वारा सुटला तसा तो तिवईवर उभा राहून सुपांतून धान हळूहळू खालीं सोडूं लागला. भरलेले दाणे सरळ पायांशीं पडत, पोंचट दाणे थोडे दूर जात, आणि कोंडा व काडीकचरा उडून पार धुऱ्यापर्यंत जाई. जो वारा दाण्याला लागत होता तोच कोंड्यालाही लागत होता. निवाडा होत होता तो केवळ वजनानें.

पुतण्याची धाकटी मुलगी त्याला सूप भरून देत होती. ती तेव्हां सातवींत होती. शाळेंत नुकताच ग्रहमालेचा धडा झाला असावा, कारण काम करतां करतां तिनें मला एकाएकीं विचारलें, "आजोबा, मंगळावर खळें केलें, तर तिथल्या वाऱ्यावर धान उपणतां येईल का?"

असल्या प्रश्नास हंसून वाटेस लावणें फार सोपें असतें, आणि शाळेंत असतांना मीं तें पाप पुष्कळ वेळां केलेंही आहे. या खेपेस मात्र बसून हिशेब केला. आपल्याकडे समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारें १,०१३ मिलिबार असतो. मंगळाच्या पृष्ठभागावर तो अवघा ६ मिलिबारांच्या आसपास आहे. तेथील हवेची घनता आपल्या हवेच्या सुमारें साठाव्या हिश्शाइतकी भरते. उलट, तेथें पदार्थाचें वजनही कमी, म्हणजे येथल्या शंभरास अडतीस. वाऱ्याचा रेटा हवेच्या घनतेवर व वाऱ्याच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. हें सर्व जमेस धरून ढोबळ मानानें असें निघतें कीं, मंगळावर कोंडा उडवावयाचा तर येथल्यापेक्षां सुमारें पांचपट वेगाचा वारा पाहिजे. "येईल, पण वादळाची वाट पाहावी लागेल," असें मीं तिला सांगितलें, व तिचें समाधान झालें.

सूर्यास्तास घरीं दत्तजन्म झाला. सुंठवडा घेऊन आम्ही पुन्हां राशीच्या राखणीसाठीं खळ्यावर येऊन बसलों. हमरस्त्याचे व कारखान्याचे दिवे एका बाजूस राहिले होते. पूर्वेकडे जवळजवळ पूर्ण चंद्र वर आला होता. त्याच्या उजव्या हातास रोहिणी, आणि खालच्या बाजूस कांहीं अंतरावर एक मोठा, तांबूस, न लुकलुकणारा तारा. तो मंगळ. दुसऱ्याच दिवशीं तो सूर्याच्या बरोबर समोर यावयाचा होता, आणि त्या वेळीं तो आपल्यापासून सुमारें ८ कोटी २० लाख किलोमीटर अंतरावर होता. संस्कृतांत त्याला अंगारक म्हणतात तें त्याच्या रंगावरून; पण कुज आणि भौम हीं त्याचीं नांवें मला अधिक अर्थपूर्ण वाटतात. दोहोंचाही अर्थ पृथ्वीचा पुत्र असाच आहे. गुरु आणि शनि हे वायूचे प्रचंड गोल. मंगळ हा आपल्या भूमीसारखाच दगडमातीचा. नांव ठेवणारांस हें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें, तरी नांव मात्र अचूक पडलें.

वहिनी बराच वेळ उगाच बसल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, आपलें तें मंगळावरचें यान बंद पडलें असें पेपरांत वाचलें. साडेचारशें कोटी रुपये खर्चून त्यानें तिथली हवा मोजली म्हणतात. आणि दुपारीं तुम्ही पोरीला सांगितलेंत कीं, तिथें हवा जवळजवळ नाहींच. मग जें नाहींच, तें मोजावयाला एवढा पैसा कशाला?"

यान बंद पडल्याची बातमी खरी होती. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें यानाशीं संपर्क तुटला होता, व ऑक्टोबरांत इस्रोनें तें आतां परत हातीं येणार नाहीं असें जाहीर केलें होतें. आणि वहिनींचा प्रश्न अडाणीपणाचा मुळींच नव्हता. ज्या घरांत धानाच्या बोनसची वर्षभर वाट पाहिली जाते त्या घरानें असा हिशेब मागावा हें योग्यच आहे. मला त्या रात्रीं उत्तर देतां आलें नाहीं. घरीं परत आल्यावर वाचन केलें, तेव्हां एक गोष्ट प्रथमच ध्यानांत आली. ती ही कीं, वातावरण म्हणजे काय हें मी स्वतःच इतकीं वर्षें मुलांना चुकीचें शिकवीत आलों होतों.

फळ्यावर मी पृथ्वीचा गोल काढीत असें, त्याच्याभोंवतीं खडूनें एक वर्तुळ ओढीत असें, आणि सांगत असें कीं, येथें हवा संपली व येथून पुढें पोकळी. असें वर्तुळ निसर्गांत कोठेंही नाहीं. आपली हवा वर जातां जातां दर साडेपांच किलोमीटरांस सुमारें निम्मी होत जाते; अर्ध्याचें अर्धें, त्याचें अर्धें असें कितीही केलें तरी शून्य येत नाहीं. फरक पडतो तो वेगळ्याच बाबतींत. जमिनीजवळ एका घन सेंटीमीटरांत २५ च्या पुढें १८ शून्यें मांडावीं इतके हवेचे कण असतात. त्यांतील प्रत्येक कण दर सेकंदास अब्जावधि वेळां दुसऱ्या कणांवर आदळतो. एकत्र कुटुंबांत भांड्याला भांडें लागतें, आणि त्या लागण्यांतूनच घराची एक रीत, एक ऊब तयार होते. त्याप्रमाणें या धडकांमुळेंच हवेचे कण उष्णता वांटून घेतात, वारा म्हणून एकत्र वाहतात व आवाज वाहून नेतात. जसजसें वर जावें तसतशा धडका विरळ होतात. शेवटीं अशी उंची येते कीं, कण निघाला तर त्याला वाटेंत दुसरा कण भेटतच नाहीं. त्याचा वेग कमी असेल तर तो फेंकलेल्या दगडाप्रमाणें वर जाऊन परत खालीं येतो. पुरेसा असेल तर कायमचा निघून जातो. या सर्वांत बाहेरच्या थराला बाह्यांबर म्हणतात. अंबर शब्दाचे आकाश आणि वस्त्र असे दोन्ही अर्थ आहेत, आणि ग्रहाच्या अंगावरचें हें अखेरचें तलम वस्त्र आहे असें म्हटलें तर वावगें होणार नाहीं.

आमच्या न्यायशास्त्रांत वायूला रूप नाहीं, तो स्पर्शावरून जाणावयाचा, असें शिकवितात. बाह्यांबरांतील वायूला स्पर्शही नाहीं. तेथें हात बाहेर काढला तरी वारा म्हणून कांहीं लागणार नाहीं. मग त्याचें ज्ञान कशानें व्हावें? त्याला एकच उपाय आहे. तेथें जावें आणि कण वजनानें निवडून मोजावे.

मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजीं श्रीहरिकोट्याहून निघालें व २४ सप्टेंबर २०१४ रोजीं मंगळाभोंवतीं फिरूं लागलें. त्याचा मार्ग फार लांबट होता: एका टोंकास तें मंगळापासून सुमारें ७७,००० किलोमीटर दूर जाई व दुसऱ्या टोंकास कांहींशें किलोमीटरांवर येई, आणि अशी एक फेरी पुरी होण्यास सुमारें तीन दिवस लागत. त्यावर पांच उपकरणें होतीं. त्यांपैकीं साडेतीन किलोंच्या एका उपकरणाचें नांव मेन्का. हें इंग्रजी आद्याक्षरांचें नांव आहे, तथापि संस्कृत शिकलेल्या माणसास स्वर्गांतली मेनका आठवल्यावांचून राहात नाहीं. तें तिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्राच्या अवकाश भौतिकी प्रयोगशाळेनें तयार केलें, व त्या कामाचे प्रमुख अनिल भारद्वाज हे होते.

मेन्काचें काम उपणणीसारखेंच आहे. बाहेरचा कण आंत आला म्हणजे त्याच्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्याला विद्युत्भारित करतात. पुढें चार दांड्यांमधून त्याला जावें लागतें. या दांड्यांना जी वीज दिलेली असते तिच्यामुळें एका ठराविक वजनाचा कणच सरळ पलीकडे पोंचतो. हलका किंवा भारी असेल तो वाटेंत बाजूस पडतो. वीज बदलीत गेलें कीं क्रमानें एक-एक वजनाचे कण पोंचतात व मोजले जातात. हायड्रोजनचा अणु १ धरला तर १ पासून ३०० पर्यंतचीं वजनें या सुपांत निवडतां येत होतीं. अर्थात् सूप म्हटलें म्हणजे त्याच्या मर्यादाही आल्या. नत्रवायु आणि कार्बन मोनॉक्साइड या दोघांचेंही वजन २८. दाणा आणि खडा सारख्याच वजनाचे असले तर वारा त्यांना वेगळे करूं शकत नाहीं, तशीच येथें गत होते. शिवाय यान पृथ्वीवरून आपल्या अंगास चिकटलेली हवा व वाफ घेऊन जातें, आणि ती प्रवासांत सुटत राहते. मंगळाची हवा किती व आपणच नेलेली किती, हें वजा करून पाहावें लागतें.

डिसेंबर २०१४ मध्यें यान मंगळाच्या सुमारें २६० किलोमीटर जवळ येऊं लागलें व मेन्कानें तेथील सायंकाळच्या बाजूचें बाह्यांबर मोजलें. खालीं मंगळाच्या हवेंत मुख्य भाग कर्बाम्लवायूचा, म्हणजे ज्याला शाळेंत कार्बन डायऑक्साइड म्हणतात त्याचा. त्याचें वजन ४४. सूर्यप्रकाशानें तो फुटून प्राणवायूचे सुटे अणु तयार होतात. त्यांचें वजन १६, म्हणून ते अधिक उंच पसरतात. सुमारें २७० किलोमीटर उंचीपाशीं कर्बाम्लवायु मागें पडून प्राणवायूचे अणु अधिक होतात, असें या मोजणीवरून दिसलें. आर्गॉन नांवाचा एक जड व आळशी वायु आहे. त्याचे कण तेथें सुमारें २५० किलोमीटरांवर एका घन सेंटीमीटरांत फार तर ५ लाख सांपडले. ५ लाख ही संख्या मोठी वाटेल. पण जमिनीजवळच्या २५ वर १८ शून्यांपुढें ती ठेवून पाहावी. नवल असें कीं, यानाच्या दोन फेऱ्यांत या जड आर्गॉनचे कण नेहमींपेक्षां पुष्कळ अधिक तापलेले आढळले. जो पायांशीं पडावयाचा, तो दाणा दूर उडतांना दिसावा तसें हें झालें.

यांत आपल्या माणसांचा हात कोठें आहे, असें वाचक विचारतील. २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं केरळांतील थुंबा येथून आपल्या देशांतलें पहिलें रॉकेट सुटलें, तेंही उंच हवेच्या अभ्यासासाठींच. त्यानें संधिप्रकाशांत सोडियमची वाफ सोडली व तिच्यावरून वरचा वारा पाहिला गेला. ती जागा निवडण्याच्या कामीं साराभाईंच्या बरोबर कोल्हापुरांत जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस होते. पुढें त्याच केंद्राचे १९७९ ते १९८५ पर्यंत संचालक होते ते पुण्याचे वसंत गोवारीकर. रॉकेटाच्या घन इंधनाचें शास्त्र आपल्या देशांत रुजविण्यांत त्यांचा मोठा वांटा आहे. आणि मंगळयान ज्या जातीच्या प्रक्षेपकावरून गेलें, त्याचे भाग वालचंदनगर व विक्रोळी येथील कारखान्यांत तयार होत आले आहेत. मेन्काची वडील बहीणही सांगितली पाहिजे: १४ नोव्हेंबर २००८ रोजीं चांद्रयानापासून सुटून चंद्रावर आदळलेल्या पेटींत याच जातीचें एक उपकरण होतें, व त्यानें खालीं जातां जातां सुमारें २५ मिनिटें चंद्राजवळचे विरळ कण मोजले.

आतां वहिनींच्या प्रश्नाकडे वळतों. मंगळावर कोरड्या नद्यांचीं पात्रें आहेत. १८ फेब्रुवारी २०२१ रोजीं अमेरिकेचें यान ज्या जेझेरो विवरांत उतरलें, तेथें नदीनें गाळ आणून टाकलेला त्रिभुज प्रदेश आजही ओळखूं येतो. आजच्या ६ मिलिबारांच्या हवेंत पाणी असें वाहत राहूं शकत नाहीं. अर्थात् पूर्वीं मंगळाला पुष्कळ जाड हवा असली पाहिजे. ती गेली कोठें? कांहीं खडकांत मुरली असेल. बाकीची वर गेली असेल, तर तिचा रस्ता या बाह्यांबरांतूनच जातो. पृथ्वीभोंवतीं चुंबकीय क्षेत्राचें कवच आहे. मंगळाचें तसलें कवच सुमारें ४०० कोटी वर्षांपूर्वीं नाहींसें झालें. तेव्हांपासून सूर्याकडून येणारा विद्युत्भारित कणांचा झोत त्याच्या उघड्या हवेवर आपटत आला आहे.

आपलें यान पोंचण्याच्या दोनच दिवस आधीं अमेरिकेचें मेव्हन यान तेथें पोंचलें होतें, व त्यानें याच प्रश्नाचा छडा लावला. आर्गॉन कशाशींही संयोग पावत नाहीं, म्हणून तो खडकांत मुरला असें म्हणण्यास जागा नाहीं. तो कमी झाला असेल तर आकाशांतच गेला असला पाहिजे. त्याच्या अणूंचे ३६ व ३८ अशा वजनांचे दोन प्रकार आहेत. हलका थोडा अधिक उंच पसरतो, म्हणून तोच आधीं व अधिक उडतो. जें मागें उरलें त्यांत या दोघांचें प्रमाण काय आहे तें मोजून, २०१७ मध्यें शास्त्रज्ञांनीं असा निष्कर्ष काढला कीं, मंगळावरच्या आर्गॉनपैकीं शंभरास सुमारें ६५ भाग आकाशांत निघून गेला आहे. जें आर्गॉनचें, तेंच थोड्याफार फरकानें बाकीच्या हवेचें. सूर्याच्या झोतामुळें हल्लीं जाणारी हवा सेकंदास सुमारें १०० ग्रॅम भरते, असें याच यानाच्या मोजणीवरून २०१५ मध्यें जाहीर झालें होतें. एका ओंजळीच्या तांदुळाइतकें तें वजन. परंतु कोट्यवधि वर्षें क्षणाचीही विश्रांति न घेतां अशी ओंजळ रिकामी होत राहिली म्हणजे एका जगाच्या नद्या आटून जातात. त्या जाण्याचा आवाज होत नाहीं, आणि खालीं उभें राहून तें दिसतही नाहीं.

हाच अभ्यास बुधाच्या बाबतींतही झाला. बुधाला तर खालची हवाच नाहीं. त्याच्या जमिनीपासूनच बाह्यांबर सुरू होतें. १९७४ मध्यें मरिनर-१० यानानें तेथें हायड्रोजन, हेलियम व प्राणवायु यांच्या खुणा पाहिल्या, १९८५ मध्यें पृथ्वीवरूनच तेथें सोडियम आढळला, आणि २०११ पासून २०१५ पर्यंत मेसेंजर यानानें त्याभोंवतीं फिरून या कणांचा शोध घेतला. मंगळ ज्या वाटेनें जात आहे तिचा शेवट कसा दिसतो याची कल्पना बुधाकडे पाहून येते.

पुढल्या दत्तजयंतीस, म्हणजे २०२३ च्या डिसेंबरांत, मी पुन्हां शहापुरास गेलों तेव्हां हें सर्व वहिनींना सांगितलें. खळ्यावर चिन्नोराची रास तयार होती. मीं म्हटलें, "वहिनी, काल येथें किती वेळ उपणलें हें पाहावयास कोणी हजर नव्हतें असें समजा. तरी राशींत कोंडा किती उरला आहे तें पाहून तुम्ही तें सांगाल कीं नाहीं?"

"सांगेन कीं. जन्म गेला त्यांत," त्या म्हणाल्या.

"मंगळावर तेंच केलें. उरलेलें जवळजवळ कांहीं नाहीं हें खरें. पण तें जें थोडें उरलें आहे, तेंच गेलेल्याचा हिशेब देतें."

त्यांनीं मूठभर धान उचलून तळहातावर फुंकलें व थोडा वेळ विचार केला. मग म्हणाल्या, "मग पैसे वायां गेले असें मी म्हणणार नाहीं. पण तें यान बिचारें तिथेंच राहिलें, याचें वाईट वाटतें." मीं सांगितलें कीं, सहा महिन्यांच्या नेमणुकीवर गेलेलें तें यान जवळजवळ आठ वर्षें कामावर होतें. यावर निवृत्त मास्तर म्हणून मला थोडा अभिमान वाटला, हेंही कबूल करतों.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं लहान मुलें आहेत त्यांना एक सुचवावेंसें वाटतें. १९ फेब्रुवारी २०२७ रोजीं मंगळ पुन्हां सूर्यासमोर येतो. त्या सुमारास तो रात्रीं मघा नक्षत्राच्या जवळ ठळक दिसेल. मुलांना गच्चीवर किंवा अंगणांत नेऊन तो अवश्य दाखवावा. आणि वहींत पृथ्वीचें चित्र काढतांना हवेभोंवतीं रेघ ओढूं नये असें सांगावें. पेन्सिलीची छटा बाहेरच्या बाजूस हळूहळू फिकी करीत न्यावी. माझ्या हातून शिकून गेलेल्या मुलांच्या वह्यांत ती रेघ अजून असेल. त्यांच्यापैकीं कोणी हा लेख वाचील तर त्यानें ती खोडून टाकावी.